पांढऱ्या कापडाची कथा कोणी सांगायची

नागपूर, १६ नोव्हेंबर २०२५

पावसाळ्यापासून मी घरात कोणाशी धड बोलले नाही, फोनही उचलले नाहीत. त्याबद्दल आधी माफी मागते. राग नव्हता. गळ्यातली गाठ कळल्यापासून मी शब्द जपून वापरत होते, साठा संपत आल्यासारखे.

मी, चारुशीला वामनराव रंगारी, वय ४६, शाळेत ग्रंथपाल, राहणार नारा रोड, नागपूर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणत्याही व्यक्तीच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दडपण भीतीचे आहे, पण कायदा तिला व्यक्ती मानत नाही. मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका कमी, पण आवाजाची नस गाठीला चिकटली आहे. पहिला भाग मला मुद्दाम आठवावा लागतो. दुसरा आपोआप ऐकू येतो.

१. दोन खोल्यांचा ब्लॉक आई सुभद्रा हिला, तिच्यानंतर भावाची मुलगी पिंकी हिला. गच्चीची किल्ली खालच्या मजल्यावरच्यांना कदापि देऊ नये. आईच्या कुरडया वाळत असताना त्यांनी शेजारी सतरंजी झटकली होती, वर हसले होते.

२. बँकेतली ठेव आईच्या औषधपाण्यासाठी. पुस्तके शाळेला. माझ्या रोजनिशा न वाचता जाळाव्यात. वाचल्याच, तर बाबांबद्दलची पाने दोनदा वाचावीत. पहिल्यांदा ती अन्यायाची वाटतील.

३. हे कलम हेजिनबद्दल. ती कोरियाची नर्तकी. दर हिवाळ्यात एका ढोलवादकासह येते आणि आपल्या वस्त्यांतल्या विहारांच्या सभागृहांत नृत्यनाट्य करते. एक मुलगी मेलेल्या आईला पलीकडे जाता यावे म्हणून पांढऱ्या कापडाची लांब वाट अंथरते. शेवटी त्या आईच्या भूमिकेत हेजिन छातीने ते कापड मधोमध फाडत निघून जाते. पहिल्या वर्षी आम्ही प्रेक्षकांना आधी काहीच सांगितले नव्हते. कापड फाटले तशा पहिल्या रांगेतल्या बायजाबाई ओरडल्या, "काहून फाडून राहिली वं? चार परकर निघाले असते!" सभागृह हसले. हेजिनला भाषा कळली नाही, हसणे कळले. विंगेत ती कितीतरी वेळ उरलेल्या कापडाची घडी घालत बसली.

तेव्हापासून नाचाआधी मी गोष्ट सांगते, आपल्या बोलीत. आई निघाली आहे, पण दारातून पुन्हा वळते, दुधावर झाकण ठेवलं का वं, विचारते. तिथेच मी थांबते. कापडाचे काय होते ते तोंडाने सांगायचे नाही. एकदा सांगितले, तर कथा सरली समजून अर्धे लोक चपला शोधू लागले. आता कापड फाटते तेव्हा कोणी हसत नाही. गेल्या वर्षी बायजाबाई एवढेच म्हणाल्या, "जाऊ दे वं तिले आता."

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पक्के बुद्धिवादी. शेवटच्या आजारपणात म्हणाले होते, "आपण आत्मा मानत नाही, अन् तू स्टेजवर त्याले रस्ता दाखवून राहिली?" मी म्हटले, रस्ता मागे राहिलेल्या मुलीसाठी आहे. हे उत्तर मला अजून पुरते पटलेले नाही. तरीही माझा विधी साधाच करावा. त्रिशरण, पंचशील, बस.

४. आयोजक सौरव याच्यावर माझा राग आहे आणि तो मी कोणाला देत नाही. परवा म्हणाला, "ताई, मंगळवारच्या आधी आवाज रेकॉर्ड करून घेऊ ना. सेफ राहील." मी नाही म्हटले. बायजाबाई मध्येच बोलल्या तर यंत्र थांबणार नाही, हे कारण मी त्याला दिले. खरे कारण वेगळे असेल का? माझ्या जागी दुसरे काही चालते, हे मला बघवणार नाही, असेही असेल. दोन्ही लिहून ठेवते.

५. ही कथा पिंकीला. ती बावीस वर्षांची, सदर भागात चष्म्याच्या दुकानात काम करते. मी घरी आलेल्या वकील चंपतरावांना विचारले, जीव वाचला आणि आवाज गेला तर हे कलम लागू होईल का? ते हसले. "मॅडम, मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालते, गळा मेल्यावर नाही." सगळे हसले, मीही. मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला. मरणाची भीती मला सांगता येते. सभागृहात बसून दुसऱ्याच्या तोंडून माझी गोष्ट ऐकण्याची भीती सांगता येत नाही.

म्हणून कायदा काही म्हणो, हे कलम माझा गळा गेला तरी लागू. जानेवारीच्या प्रयोगाला पिंकीने सांगावे. हेजिनला कळवले आहे.

अडचण एकच. गेल्या रविवारी पिंकीने सांगून पाहिले. तिच्या गोष्टीतली आई दुधाचे विचारत नाही. दारातून ओरडते, "मोबाईल चार्जिंगले लावला का?" मी थांबवले. पुढे गेली, परत थांबवले. शेवटी ती म्हणाली, "आत्या, तू मले गोष्ट देऊन राहिली का माझी परीक्षा घेऊन राहिली?" आणि निघून गेली. तिची गोष्ट पुढे कुठे जाते, मला माहीत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालील दोघांसमोर सही केली. सही माझीच आहे.

चारुशीला वामनराव रंगारी (सही)

साक्षीदार:
१. चंपतराव मेश्राम, वकील (सही)
२. सिंधूताई खोब्रागडे, शेजारी (सही)

ठिकाण: नागपूर. तारीख: वरीलप्रमाणे.

उद्या: पिंकी दुकानातून सुटली की तिला बोलावून तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची, मध्ये न बोलता.