पिंपातली बिअर आणि दादाच्या हाताबद्दल

मी, भिकाजी जानू धामापूरकर, वय ६४, एस.टी. आगारातून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार धामापूर, तालुका मालवण, माझ्या मागे माझ्या गोष्टींचे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. येत्या बुधवारी, १९ तारखेला, कोल्हापुरात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. जीव मात्र एका जागी राहत नाही; एवढे लिहिताना चार वेळा उठलो. आमच्या डॉक्टर जहिरा मुजावर म्हणतात, त्याने मृत्युपत्राला बाधा येत नाही.

कलम १. घर, विहीर आणि बँकेतली ठेव पत्नी सावित्री हिची. तिच्यानंतर मुलगा कौस्तुभ याची. घर विकण्याची घाई त्याने करू नये. या घरात घाई मी पुरेशी केली आहे.

कलम २. पान्ह्यांची पेटी कौस्तुभला. त्याला पान्हा नीट धरता येत नाही, तरी पेटी त्यालाच. तेरा नंबरचा पान्हा आगारातल्या एका साहेबांनी नेला, तो परत आला नाही. त्यांना मी माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

कलम ३. (सरकारी माणसाने हे कलम जरा भरभर वाचावे.) पडवीच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पिंपात वीस लिटर बिअर आंबते आहे. बिअर करायचे हे सामान कौस्तुभने चार वर्षांपूर्वी आणून दिले होते. एकदा वापरून मी ते माळ्यावर टाकले. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा खाली काढले, कारण एकदा तरी ते काम नीट करायचे होते. पिंप ५ नोव्हेंबरला भरले, आज दहावा दिवस. चौदा दिवस भरतात नेमके बुधवारी, म्हणून सावित्रीसाठी लिहितो.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे नाही. बुधवारी घनता मोजायचा काचेचा मापक बिअरमध्ये तरंगवून आकडा लिहावा, शनिवारी पुन्हा बघावा. दोन्ही आकडे सारखे आले तरच बाटल्या भराव्या, नाहीतर आणखी थांबावे. बाटल्या भरताना साखर लिटरला सहा ग्रॅम, वजन करून. मग बाटल्या तीन आठवडे सावलीत ठेवाव्या. म्हणजे १३ डिसेंबर उजाडतो. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, अशी माझी जात. कालही पिंपाला हात लावला तर सावित्री म्हणाली, "झाकण उघडू नकात म्हणान कितके वेळा सांगू?"

कलम ४. डोंगराकडची काजूची बाग, माझ्या वाटणीची, थोरले भाऊ लवू जानू धामापूरकर यांस द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

दर वर्षी बाग सांभाळणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा, नारळ आणि एक बाटली अशी राखण द्यायची आमच्या घराची रीत आहे. गाऱ्हाणे, म्हणजे राखणदाराला मोठ्याने करायची प्रार्थना, दादा घालतो. कौस्तुभने सामान आणले त्या वर्षी दुकानातली बाटली कशाला, माझ्या हातची बिअर देऊ, असे मी ठरवले. राखणेचा दिवस ठरलेला, तो पुढे जात नाही. मग मी बिअरलाच घाई केली. सहाव्या दिवशी बाटल्या भरल्या, साखर मुठीने घातली, आणि दहा दिवस त्या कौलांखाली माळ्यावर तापू दिल्या. राखणेला दादाने बाटली हातात धरून गाऱ्हाणे घातले, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटले, आणि बाटली त्याच्या उजव्या हातात फुटली.

दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटे पुन्हा वाकली नाहीत. दादा आंब्याची कलमे बांधायचा. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या बागा त्याच्या हातच्या. त्यानंतर त्याने एकही कलम बांधले नाही. आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, म्हटले, "दादान बाटली उन्हात ठेवल्यान, म्हणान फुटली." लोक म्हणाले, राखणदाराने बाटली मानून घेतली नाही. तेही मी चालू दिले. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही.

बाटली उन्हात नव्हती. राखणदाराचा यात काही संबंध नाही. चूक माझी होती: बिअर कच्ची, साखर जास्त, वर माळ्यावरची ऊब, त्या कोंडलेल्या वायूनेच बाटली फुटली. हे सांगायला कितीदा दादाच्या घरापुढच्या खळ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मला लाज वाटते. बाग दिल्याने बोटे वाकणार नाहीत हे मला कळते, पण देण्यासारखे दुसरे माझ्याकडे काही नाही.

पुरवणी. वरील मसुदा काल सावित्रीच्या हाती दादाकडे पाठवला. आज सकाळी वकील आणि पहिल्या साक्षीदार डॉक्टर मुजावर सह्यांसाठी घरी आले, दुसऱ्या साक्षीदाराची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात दादा आला. उभ्यानेच म्हणाला, "माका म्हायत होता. तू सांगशील म्हणान वाट बघी होतंय." मग त्याने पेन मागितले. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतात.

"मगे बाग काढून टाका," दादा म्हणाला. "सही मी करतंय." आणि माझ्याकडे न बघता, "बाग तुझी तूच बघ. बरो होवन घराक ये."

म्हणून कलम ४ मधील पहिले वाक्य रद्द करत आहे. बाग सावित्रीकडे जाईल. त्या कलमातला बाकीचा मजकूर एक अक्षरही न गाळता राहील.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ: धामापूर
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

सही: भिकाजी जानू धामापूरकर

साक्षीदार:
१. डॉ. जहिरा मुजावर
२. लवू जानू धामापूरकर (सही डाव्या हाताने)