दुसऱ्याचा पिंजरा

१२ जून
पुन्हा तेच! मर्लच्या तोंडात एकच शब्द — ओढ. दोर ओढ, पिंजरा ओढ, डबे ओढ, होडी वर ओढ. घरी केंटकीत बाप ट्रकनं कोळसा ओढायचा, तिथंही हाच शब्द. मला वाटलं, इथं मेन राज्याच्या समुद्रावर तरी दुसरा असेल. नाही.

मर्ल नाखवा. मी शेवंडांचे, म्हणजे लॉबस्टरचे, पिंजरे वर घेतो, आमिष भरतो, परत सोडतो. ऑक्टोबरपर्यंत टिकलो तर आईच्या घराचं छप्पर होईल. टिकायचं!

१४ जून
दाट धुकं. पिंजऱ्याच्या दोराला बांधलेला तरंगता बोया आकडीनं धरला, पिंजरा काठावर घेतला, शेवंडं काढली, ताजं आमिष घातलं — आणि मग बोयाचा रंग दिसला. पिवळा, पण पट्टा निळा. आमचा पट्टा काळा. पिंजरा आल्टनचा! मर्लचा सख्खा भाऊ. नऊ वर्षं बोलणं नाही.

तिन्ही शेवंडं परत घातली, सोडला पिंजरा. मर्ल म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस." इथं कुणाची बायको पळवली तर दोन वर्षांत विसरतात. दुसऱ्याचा पिंजरा ओढला तर नातवंडांना सांगतात.

आमिष मात्र आतच राहिलं.

१५ जून
आमच्या एका बोयाच्या दांडीला दोराचा वेढा. आमची गाठ नाही.
मर्ल — "आल्टनची ताकीद आहे. पुढच्या खेपेला दोर कापतात."
आठशे पिंजरे तळाला!
"मग सांगू या ना, धुक्यात चुकलं म्हणून."
"त्याला? मी?"
जेवला नाही.

१६ जून
गेलो. आल्टन धक्क्यावर, चार माणसं भोवती. सांगून टाकलं.
"आमिष कुणी भरलं?"
"मीच. हाताला सवय."
"अरे, आजवर चोरांनी नेलं बरंच, भरून कुणी गेलं नाही!" सगळे हसले. मग त्यानं विचारलं, "मर्लनं पाठवलं?"
"नाही. तो म्हणाला, गप्प बस."
हे बोलायला नको होतं. हसणं थांबलं.
"गाठ सोडतो," आल्टन म्हणाला. "तू जा, पोरा."

१७ जून
वेढा गेला. आठशेच्या आठशे शाबूत. मर्ल दिवसभर नुसत्या हातानं खुणा करत होता.

१८ जून
काढलं मला. "चारचौघांत मान खाली घालायला लावलीस," म्हणाला. बसचं भाडं बाजूला ठेवलं. उरलेले आईला पाठवतोय — एकसष्ट डॉलर.