आमच्या ओसरीवरून उठलेली माती

ती. शालिनीताईस,

धाकट्या जगदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा रक्तदाब जिथल्या तिथे असतील असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण जुलैत आमच्या निम्म्या शिंदे की छावनी मोहल्ल्याने मला पोचवायची तयारी केली होती. तुझी उन्नती माझं घर सोडून मुरारच्या हॉस्टेलवर का गेली, याची तिची बाजू तुमच्या कोल्हापुरात पोचली असेलच. आता शहाण्या माणसाची ऐक.

शहराबाहेरच्या एका बंद खदानीच्या (तुम्ही खाण म्हणता, आम्ही मराठीसुद्धा हिंदीत बोलतो) ढिगाऱ्यावर आमच्या मंडळाने एकशे एक झाडं लावायचं ठरवलं आणि काम माझ्यावर सोपवलं. फौजेत अठ्ठावीस वर्षं माणसं ओळीत उभी केली, तिथे रोपांची काय कथा. पण तुझी लेक इथे माती शिकायला आलेली (मातीत शिकायचं काय असतं, मला अजून कळलेलं नाही). ती ढिगाऱ्यावर उकिडवी बसली, चिमूटभर बोटांत चोळलं आणि म्हणाली, "मामा, ही माती नाहीच. नुसता दगडाचा चुरा आहे. यात पाणी टिकणार नाही, वरचा थर उन्हात कडक होईल आणि मुळांना खायला काहीच नाही." आधी तळ्यातला गाळ आणि शेणखत घाला, पहिली दोन वर्षं नुसतं गवत आणि ताग लावा, झाडांचं मग बघू, असं तिचं म्हणणं. म्हणजे फलकावर माझं नाव आणि फलकाखाली गवत.

मी नाही म्हटलं तरी तिने पंधरा पोती गाळ, शेणखत आणि कुजका पाला आणून माझ्या ओसरीवर रचला. वर चौकातल्या लोडरवाल्याला (मालाच्या छोट्या गाडीला इथे लोडर म्हणतात) आपल्या नव्याकोऱ्या हिंदीत फोन केला, "भैया, मामाजी के यहाँ मिट्टी रखी है, सुबह आठ बजे उठानी है।" इथे मिट्टी म्हणजे मयतसुद्धा, हे या विदुषीला ठाऊक नव्हतं. लोडरवाल्याने गल्लीभर कळवलं. सकाळी साडेसातला मी दात घासत बाहेर आलो तर दारात चाळीस माणसं पांढऱ्या कपड्यांत आणि लोडरच्या जागी शववाहन. मला जिवंत पाहून एकाचाही चेहरा खुलला नाही, ताई. उलट सकाळ फुकट गेली म्हणून बघत होते. मंडळाचे अध्यक्ष संभाजीराव माझ्यावर चार ओळी लिहून आले होते. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मला वाचूसुद्धा दिलं नाही.

माझं डोकं फिरलं. सगळी पोती त्याच शववाहनात घातली (आलंच होतं, रिकामं कशाला धाडायचं), खदानीच्या एका कोपऱ्यात ओतली आणि चारचौघांत उन्नतीला म्हणालो, "तुझं शिक्षणही इथेच पुरून टाक." ती त्याच संध्याकाळी बॅग घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात रोपं लावली. सरळ ओळी, दिवसाआड टँकर. दसऱ्यापर्यंत नव्वदांच्या काटक्या झाल्या. रोपवाटिकेने भिकार माल गळ्यात मारला, दुसरं काय. कोपऱ्यातली अकरा मात्र माझ्या कमरेला लागली. माझी देखरेख, असं मंडळाचं मत आहे आणि मी कुणाचं मत खोडत नाही. खूश होऊन त्यांनी मला शेजारचा दुप्पट मोठा ढिगारा दिलाय. पुढच्या महिन्यात वन खात्याचे साहेब त्या अकरा झाडांचं गुपित खुद्द माझ्या तोंडून ऐकायला येताहेत.

एकूण माझं झकास चाललंय. दाजींना नमस्कार.

तुझा,
जगदेव

ता. क. साहेबांना काय सांगायचं ते उन्नतीला विचारून कळव. मुरार इथून टेम्पोने अर्ध्या तासावर आहे, पण ती माझा फोन उचलत नाही आणि तिच्यासमोर जायला मला तोंड नाही. म्हणून हे पत्र कोल्हापूरमार्गे.

आणखी ता. क. पुरण्याचं ते मी बोलायला नको होतं. घर खायला उठतं. तिला सांग, मामा गवत लावायला तयार आहे. फलकावर तिचं नाव घालू, माझं खाली बारीक अक्षरात चालेल.

शेवटचं. ती आली की पुन्हा पोती लागणारच. लोडरवाल्याला फोन मात्र मी करीन. संभाजीरावांनी तो कागद अजून जपून ठेवलाय.