टेकडीपलीकडे न जाणारा घोडा

पुष्काई, लिथुआनिया
८ मे १९९३

तीर्थरूप अल्दोनाताईस,

प्रानसचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या निम्माच, उरलेला भेटीत). तेक्ले, डुकरं आणि मी खुशाल आहोत. तपासणीची कचेरी बंद झाल्यापासून दाजी दिवसभर खिडकीशी बसून असतात, जेवायलाही चारदा हाक मारावी लागते, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि जिवाला लागलं.

आमचं म्हणशील तर सामूहिक शेत मोडलं, चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. माझ्या वाट्याला टेकडीपलीकडची तीन हेक्टर जमीन आणि बेरिस घोडा आला. (ट्रॅक्टर व्लादासला मिळाला, त्याचा नांगर व्लादासच्या साडूला. दोघांचं बोलणं नाही, म्हणून दोन्ही गंजताहेत.) बटाट्यांसाठी बेरिसला जुंपलं. गडी माथ्यापर्यंत झोकात गेला आणि तिथून वळून थेट घरी! चुचकारलं, साखर चारली, शिव्या घातल्या, शेवटी पुढून ओढलं, त्यात कंबर गेली. तेक्ले बांधावरून म्हणते, "त्याला कशाला बोल लावता? इथले मुकादम कोण होते?" आता तुझ्यापासून काय लपवायचं? सडकेवरून दिसेल तेवढंच नांगरायचं, पलीकडचं पीक कागदावर काढायचं, ही माझीच शिकवण. माणसं विसरली, घोडा विसरला नाही. तपासनिसांत एकटे दाजीच खमके, चिखल तुडवत पलीकडे जायचे आणि सख्ख्या मेहुण्यालाही सोडायचे नाहीत. ते आले की आम्ही पलीकडे नांगरायचो, बेरिससुद्धा. आठवड्यात बटाटे जमिनीत गेले नाहीत तर हिवाळ्यात आम्ही आणि डुकरं एकमेकांची तोंडं बघत बसू.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
प्रानस

ता. क. : दाजींना लगेच पाठव, राखाडी हॅटसकट. पलीकडच्या टोकाला उभं राहून पूर्वीसारखं नाक मुरडायचं, एवढंच काम. त्यांच्यावाचून आमचं अडलंय.

दुसरा ता. क. : इथवरचं दाजींना मोठ्याने वाचून दाखव. पुढचं पान चुलीत घाल.

तिसरा ता. क. : परवा तेक्ले पुढे चालली, तर बेरिस मुकाट तिच्यामागून पलीकडे गेला. बटाटे लावून झाले, एक पट्टा दाजींसाठी राखलाय. बेरिसला पुन्हा माथ्यावर अडायला शिकवतो आहे, पण गाढव ऐकत नाही. तरी पाठव.