भाल्याची पहिली पायरी

सोमवार, ९ मार्च

चि. घुम्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. आई गुडघ्यांच्या नावाने कुरकुरते, पण जिना चढते. माझा हात ठीक आहे. फोनवर तू गप्प बसतोस आणि मग मीच भलतंसलतं बोलत सुटते, म्हणून हे पत्र. नोकरी सोडून इथे यायचं म्हणतोस, त्याबद्दल पुढे लिहिते.

मी स्टुलावरून पडून मनगट दुखावलं तेव्हा बोटांना व्यायाम व्हावा म्हणून तू तुझा तो लढाईचा व्हिडिओ गेम ठेवून गेलास. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता आई म्हणते, "अगं, त्या राक्षसांना जरा दम खाऊ दे, तू जेवून घे." तू सांगितलंस तशी मी एकच तलवार धरली. ती चालवत गेलं की पडद्यावरचा तिचा सरावाचा पट्टा भरतो, भरला की पायरी चढते आणि नवा वार उघडतो. आधी नुसतं सरळ मारता यायचं, आता गिरकी घेऊन मारते. हे विकत मिळत नाही, कुणी बक्षीसही देत नाही. वापराल तेवढंच तुमचं. ज्याने हा नियम बसवला त्याने कधीतरी हातच्या कसबावर पोट भरलं असणार. भेटला तर त्याचे केस मी फुकट कापीन.

लबाडीही करून पाहिली. वेशीबाहेर सरावाचा पेंढ्याचा पुतळा आहे ना, त्यालाच बडवत बसले. दोन-तीन पायऱ्यांनंतर पट्टा हलेचना. समोर खरा शत्रू हवा, तोही तोडीस तोड.

मग मागच्या महिन्यात तलवार तुटली. पिशवीत एक भाला होता तो काढला, आणि एका साध्या कोल्ह्याने मला लोळवलं. एवढा नावाजलेला माझा शिपाई, पण भाल्यात अगदी कोरा. मी मशीन बंद केलं आणि रडत बसले.

कोल्ह्यासाठी नाही रे. त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मनगटातली नस आता याहून सुधारणार नाही. बटणं दाबता येतील, ताट उचलता येईल, पण उजव्या हाताने पुन्हा कात्री चालणार नाही. तुला हे सांगितलं नाही. नुसतं माझं सलून बंद आहे एवढं कळल्यावर तू राजीनाम्याचं बोललास. हे कळतं तर सामानासकट दारात उभा राहिला असतास.

दुसऱ्या दिवशी भाला घेऊन परत गेले. हात नवखाच होता, पण झेप घेण्याआधी कोल्हा मान खाली घालतो हे मला ठाऊक होतं. तलवार तुटली तरी ते कुठे गेलं नव्हतं. बाजूला सरले, भोसकलं, पट्टा जरासा भरला. तशीच उठले आणि डावखुऱ्यांची कात्री घेऊन आले.

आधी खोट्या केसांच्या टोपावर कापलं. लवकरच त्याचाही पेंढ्याचा पुतळा झाला. तुझे भावोजी हौसेने खुर्चीत बसले, पण त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं उरलंय काय? शेवटी समोरच्या बेकरीतली पाववाली डोक्यावरची टोपी काढत आली. "काप गं," म्हणाली, "टोपीखाली कोण बघतंय?" सारी दुपार गेली. मानेवर एक बाजू किंचित खाली राहिली. पण कुठली बट कशी पडणार ते मला कात्री लावण्याआधीच दिसत होतं. आरशात बघून ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते, जेवणाचा डबा घेऊनच." मला फार आनंद झाला, घुम्या. पहिल्या कमाईलाही एवढा झाला नव्हता.

आता तुझं. कारखान्यात तू स्वतः घासलेलं भिंग गेल्या खेपेला दाखवलंस, तेव्हा मी ते उजेडात धरून कितीतरी वेळ ओरखडा शोधत होते. सापडला नाही. असा हात बसायला किती खपावं लागतं ते मला कळतं, आणि तुझं मला मनापासून कौतुक वाटतं. माझं शस्त्र तुटलं म्हणून मी बदललं. तुझं धड आहे. ते माझ्यापायी खाली ठेवलंस तर मला आयुष्यभर खुपेल. राजीनामा दिला असशील तर मागे घे. साहेबांसमोर एवढं एक वाक्य तोंड उघडून बोल.

सुट्टीत मात्र ये, केस वाढवून ये. मला डोकी कमी पडतायत.

तुझी,
डाव्या हाताने अजून कच्ची असलेली,
ताई