एकशे चौथा क्रमांक

४ मार्च

माफ कर, वही. पाच महिने तुला हात लावला नाही. सबब सांगत नाही. आजही संतापाने उघडली आहे, प्रेमाने नाही.

आमच्या रेडिओ केंद्राचं तळघर रिकामं करायचंय. माझ्या ध्वनिसंग्रहात नृत्यसंगीताचे एकशे बेचाळीस अल्बम आहेत. त्यांना क्रम लावायचा. पहिले शंभर संगणकावर घेऊन जपणार, उरलेल्या बेचाळीसांच्या टेपा भंगारात. एकोणीस वर्षं मी त्या टेपांची धूळ पुसली. आता पाच जणांची समिती दोन आठवड्यांत ठरवणार, कोण राहणार आणि कोण जाणार.

साहेब, म्हणजे केंद्राचे निर्माते. क्लबात रेकॉर्डी लावणारा, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात. नाचाचे वर्ग घेणाऱ्या बाई. मी. आणि वर्तमानपत्रातले समीक्षक, ज्यांना मी फक्त या पानावर पंडित म्हणते. प्रत्येकाने प्रत्येक अल्बमला दहापैकी गुण द्यायचे, की झालं. इतकं सोपं.

७ मार्च

पहिली बैठक. तीन तास!

पंडित ‘काचेचं शहर’ला पहिला नंबर देऊनच घरून निघाले होते. त्यातला एकेक तुकडा अकरा मिनिटांचा. सातव्या मिनिटाला ठेका येतो, आल्यासारखं करतो आणि निघून जातो.

बाई म्हणाल्या, “यावर माझी एकही मुलगी जागची उठत नाही हो.”

“नाचता येणं हा फार ढोबळ निकष झाला,” पंडित म्हणाले.

“मग नृत्यसंगीत कशाला म्हणता? बैठं संगीत म्हणा.”

भिंगरी इतका हसला की चहा कागदांवर सांडला. पंडित हसले नाहीत.

पुढे पाऊण तास एकाच वादात — गाजलेली गाणी गोळा करून काढलेली टेप अल्बम म्हणायची का? भिंगरी म्हणतो, लोक नाचतात ना, मग झालं. मी म्हटलं, भाजी, आमटी, खीर एका पातेल्यात ओतली म्हणजे स्वयंपाक होत नाही. साहेबांचं तिसरंच: “यादी समतोल हवी. प्रत्येक दशकाला पंचवीस.” संगीत काय वाटण्या करून जन्माला येतं?

घरी येईपर्यंत उत्तरं सुचत होती. नेहमीसारखी, उशिरा.

८ मार्च

काल मुद्दाम टाळलं ते आज लिहिते.

‘गच्ची’ हा दादाचा अल्बम आहे. माझ्या सख्ख्या भावाचा. चोवीस वर्षांपूर्वी त्याने आणि दोन मित्रांनी मागून आणलेल्या ताल-यंत्रावर केलेला, खरोखरच गच्चीवर. तिसऱ्या तुकड्यात ठेका चार मात्रा एकदम थांबतो. नाचणाऱ्याचा उचललेला पाय वरच राहतो, आणि मग ठेका असा परत येतो की बसलेला माणूस उठावा. दादाने पुन्हा काही केलं नाही. लिफ्ट दुरुस्तीत लागला, तो अजून तिथेच आहे. त्याची स्वतःची प्रत कोणीतरी ऐकायला नेली ती परत आलीच नाही. जगात एक टेप उरली आहे, ती आमच्या तळघरात.

केंद्रात हे कोणाला माहीत नाही. लग्नानंतर माझं आडनाव वेगळं.

गुणपत्रिकेत ‘गच्ची’समोरची जागा मी कोरी ठेवली. भावाला गुण द्यायचे नसतात. बाकीचे चौघे देतीलच. चांगला आहे तो. की मला वाटतो? नाही. चांगला आहे.

१२ मार्च

वहिनीचा फोन. “वन्सं, यांनी दोनदा विचारलं, छोटीचं ते यादीचं कधी ठरणार म्हणून. मी सांगितलं असं बोलू नका हं.”

१९ मार्च

यादी लागली. ‘काचेचं शहर’ पहिला. ‘गच्ची’ एकशे चौथा. शंभराव्याला चौतीस गुण, दादाला बत्तीस. दोन गुण!

मी पंडितांवर तुटून पडले. भर बैठकीत. म्हटलं, तुम्ही आयुष्यात कधी टाचही उचलली नाही, आणि लोकांना नाचवणाऱ्या माणसाला भंगारात घालता? टेप ऐकलीत तरी का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला ते उद्दामपणाचं वाटलं.

साहेब म्हणाले, “मॅडम, पाणी प्या. भंगारवाला सोमवारी दुपारी येतोय. तोवर हरकत असेल तर लेखी द्या, आपण बघू.”

घरी लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, यादीवरून कोणी एवढं भांडतं का?”

“यादीवरून नाही,” म्हटलं. मग कशावरून, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दादाला फोनही केला नाही.

२० मार्च

हरकत लिहायला घेतली. पुरावा हवा म्हणून पाचही गुणपत्रिका मागवल्या. पंडितांचं शून्य बोट ठेवून दाखवायचं होतं.

बाई, दहा. भिंगरी, सात. साहेब, सहा.

पंडित, नऊ. समासात बारीक अक्षरात लिहिलंय: ‘ठेका थांबून परत आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.’

आणि मी, कोरी जागा. बेरीज करणाऱ्या कारकुनाने तिथे शून्य धरलं होतं. विचारायला गेले तर म्हणाला, “कोरं म्हणजे शून्यच की, मॅडम. नातं असलं आणि तसं लिहिलं, तर बाकी चौघांची सरासरी धरतात. नियमांच्या कागदावर आहे.”

चौघांची सरासरी आठ. म्हणजे एकूण चाळीस. चाळीस गुणांचा अल्बम यादीत बासष्टावा आहे.

हरकतीचा कागद फाडला.

२१ मार्च, रविवार

नियमांचा तो कागद मी वाचला होता. पहिल्याच दिवशी. पक्षपात नको म्हणून जागा कोरी ठेवली, असं या वहीतही लिहिलं. खोटं आहे ते. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस माझा भाऊ आहे, हे मला त्या टेबलावर कळू द्यायचं नव्हतं.

उद्या: भंगारवाला यायच्या आत साहेबांना लेखी द्यायचं, दादाच्या पूर्ण नावानिशी.