रेसच्या दांड्याची दोरी

४ नोव्हें.
आज परत बोटीचा धूर. खाडीत शिरताना वारा किनाऱ्याकडे, त्यामुळे हिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर काळे तेलकट ठिपके. म्हणाली, बोंबलाला मीठ लावतात, डांबर नाही. संध्याकाळपर्यंत तेच ऐकलं.
बाबू खूश. धाकटा भाऊ, पण बोट दोघांची. इंजिन मेलंय दादा, विकू या, हेच त्याचं पालुपद. उंबरगावची पार्टी विचारतेय म्हणे. मी महिनाभराचा वेळ मागून घेतला. बोट गेली तर मी काय करू? चिकूच्या वाडीत वटवाघळं हाकलू?

७ नोव्हें.
तलासरीहून मिस्त्री आला. हायवेवरच्या ट्रकांची इंजिनं करतो, बोटीवर पहिल्यांदाच. चढताना माझा खांदा काही सोडेना. इंजिनापाशी मात्र राजा.
रेसच्या दांड्याला बांधलेली दोरी बघून हसत सुटला. रेस अर्ध्याच्या वर जाऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच बांधली. टर्बो असलं तरी जुनं इंजिन, जपायला नको? त्यात बाबूचा हात जड. मोटरसायकलसुद्धा कधी हळू चालवली नाही त्याने.
मिस्त्री म्हणाला, "काका, ही म्हातारी नाय, बैल हाय. बांधून ठेवलाय म्हणून आजारी."
बोट ट्रॉलर म्हणून बांधलेली, जाळं ओढायला. आम्ही लावतो तरतं जाळं, पाण्यात नुसतं सोडून ठेवायचं, इंजिनाला कामच नाही. हळू चालून ते तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, तेल धुराच्या नळकांड्यातून बाहेर. टर्बो नुसताच बसून. औषध सोपं. आधी गरम होऊ दे, परतताना अर्धा तास जोरात पळव, बंद करण्याआधी पाच मिनिटं हळू.
म्हणजे रोग मीच लावला. फार वाईट वाटलं.

८ नोव्हें.
दोरी सोडली. चिखले गावासमोर जोर दिला. नळकांड्याने तीन वर्षांची काजळी ओकली, काळे थेंब सगळ्यांच्या अंगावर. बाबूचं तोंड तव्यासारखं. खलाशी पोट धरून हसले, शेवटी बाबूपण. वीस मिनिटांनी धूर विरळ.

१५ नोव्हें.
आठवडा झाला. धूर जवळजवळ नाहीच. आवाज कसा खणखणीत! बोंबील स्वच्छ. हिने मिस्त्रीला दोन पापलेटं पाठवली, मला नुसतं कालवण.

१८ नोव्हें.
घ्या. बोट धूर टाकत नाही हे पार्टीच्या कानावर गेलं. २१ला बघायला येतेय. बरी मीच केली, गिऱ्हाईकही मीच आणलं.
मनात आलं, दोन दिवस हळू चालवली तर... छे. मुद्दाम आजारी पाडायचं? नाही जमणार.

२० नोव्हें.
काल सकाळी कंबर धरली. दोन्ही दिवस बाबूच बोट घेऊन गेला. दोन्ही दिवस यायला उशीर. मासळी लांब गेलीय म्हणे.

२१ नोव्हें.
पार्टी आली, पांढरा शुभ्र शर्ट घालून. बाबूने त्यांना मागे, नळकांड्याच्या बाजूला खुर्ची दिली, मान म्हणून. खाडीबाहेर पडलो आणि त्यानेच दांडा पुढे ढकलला. फस्स! शर्टाची पार रांगोळी. बाबू गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "जुनं इंजिन शेठ, काय करणार." कळवतो म्हणाले, चहालासुद्धा थांबले नाहीत.
मला काही समजेना. तीन दिवसांपूर्वी तर साफ होतं. सगळे उतरल्यावर दांड्यापाशी गेलो. दोरीचा तुकडा लोंबत होता, आजच कापलेला. गाठ डावखुरी.
घरात डावखुरा एकच, बाबू. मासळी काही लांब गेली नव्हती.
घरी आलो तर बाबू हिच्याकडे दुसऱ्यांदा कालवण मागत बसला होता. डोळे भरून आले, मिरचीवर ढकललं.
विकायचं की नाही, तो अजून बोललेला नाही. उद्या परतताना दांडा त्याच्याच हातात देतो. अर्धा तास तरी काजळी जाळायला लागेल.